जुनं, विचित्र नाणं हाती आलं तर: ओळख पटवण्याची रीत, पायरीपायरीने

जुन्या नाण्याच्या बाबतीत बहुतेक घरांत एकच क्रम चालतो. आधी चिंच लावून लख्ख घासायचं, मग मोबाइलवर किंमत शोधायची आणि सगळ्यात शेवटी हे आहे तरी काय, असं कुणाला तरी विचारायचं. हा क्रम पुरता उलटा आहे. घासल्याने पुरावा जातो. किंमत शोधली की डोक्यात आकडा बसतो, आणि एकदा तो बसला की हातातला तुकडा मुळात नाणंच नाही, असं कुणी सांगितलं तरी पटत नाही. म्हणून खालच्या पायऱ्या दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. दुसरं काही जमलं नाही तरी किंमत शेवटीच पाहा.

## तयारी: काय काय लागेल

०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा घ्या. स्वयंपाकघरातला, एक ग्रॅमच्या टप्प्याने चालणारा काटा इथे कामाचा नाही. शिवाय दहा पट मोठं दाखवणारं भिंग, प्लॅस्टिकचा व्हर्नियर कॅलिपर (लोखंडी नको, ओरखडे पडतात), एक साधं चुंबक, मान वळवता येणारा टेबल-दिवा आणि वही. टेबलावर मऊ टॉवेल पसरा, कारण ओलसर बोटांतून निसटलेलं नाणं फरशीवर पडलं की कडेला खोक पडलीच. नाणं नेहमी कडेनेच धरायचं.

## १. साफसफाईला हात लावू नका

तांब्यावरचा तपकिरी थर, चांदीवरची काळसर झाक, खळग्यांत बसलेली माती हे सगळं नाण्याच्या वयाचं साक्षीदार असतं. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, रांगोळी यांतलं काहीही लावलं की तो थर जातो आणि परत येत नाही. संग्राहकाला घासलेलं नाणं लांबूनच कळतं: रंग एकसारखा गुलाबी आणि पृष्ठभागावर बारीक समांतर रेघा.

माती फारच असेल तर नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर ठेवा, बाहेर काढून टिपकागदावर वाळू द्या. चोळायचं नाही. जुन्या सेलोटेपचा चिकटा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवा, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. नेलपॉलिश काढायचं सुगंधी द्रावण वापरू नका, त्यात तेल असतं.

सावध: देव्हाऱ्यातलं नाणं वर्षानुवर्षं हळदकुंकू आणि तेल पिऊन बसलेलं असतं. ते ‘स्वच्छ दिसावं’ म्हणून ओळख पटण्याआधी घासणं ही सगळ्यात नेहमीची आणि कधीही न भरून येणारी चूक.

## २. वजन, व्यास, कड, चुंबक

नाण्यावर काय लिहिलंय ते अजून वाचू नका. आधी मापं वहीत उतरवा. ब्रिटिश काळातला रुपया, म्हणजे आपल्याकडचा राणीछाप किंवा राजाछाप, नवा असताना ११.६६ ग्रॅमचा आणि साधारण साडेतीस मिलिमीटर व्यासाचा. झिजून तो साडेअकरापर्यंत येईल, पण बारा ग्रॅमचा कधी होणार नाही. १८३५ चा ईस्ट इंडिया कंपनीचा पाव आणा ६.४८ ग्रॅम, तर अर्धा आणा, म्हणजेच ढब्बू पैसा, त्याच्या बरोबर दुप्पट. झिजलेल्या नाण्याचं वजन घटतं. ते मूळ मापापेक्षा जास्त भरलं तर तिथेच थांबा.

मग चुंबक. तांबं, कांसं, चांदी, सोनं यांना चुंबक ओढत नाही. १८३५ चं ‘तांब्याचं’ नाणं चुंबकाला चिकटलं तर पुढचं वाचायचीसुद्धा गरज नाही. पण उलटं गृहीत धरू नका. १९४७ चा वाघ असलेला रुपया शुद्ध निकेलचा आहे, तो खरा असूनही चिकटतो. अलीकडची स्टेनलेस स्टीलची नाणीही चिकटतात.

कड भिंगाखाली फिरवा. यंत्रावर पाडलेल्या नाण्याची कड सलग असते. ओतीव बनावट नाण्याच्या कडेवर मधोमध बारीक शिवण किंवा कानशीने घासल्याच्या खुणा दिसतात, आणि अक्षरांच्या आसपास बुडबुड्यांचे टिपके.

तपासणी: वहीत चार ओळी झाल्या का? वजन, व्यास, कड (साधी, दातेरी की मधोमध खाच असलेली), चुंबक. झाल्या नसतील तर पुढे जाऊ नका.

## ३. फोटो, तोही तिरप्या उजेडात

फ्लॅश बंद करा. दिवा एका बाजूने, जवळजवळ टेबलाला टेकेल इतका खाली आणा आणि नाणं हळूहळू फिरवत आठ-दहा फोटो काढा. समोरून सपाट दिसणारं नाणं तिरप्या उजेडात बोलू लागतं. पुसट अक्षराची एक रेघ एका फोटोत उठते, दुसरी दुसऱ्यात. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवा. कागद ठेवून पेन्सिलीने छाप काढण्याची हौस इथे नको.

## ४. नाणं सरळ धरलंय का?

ऐकायला बाळबोध वाटतं, पण अर्ध्या चुका इथेच होतात. फारसी अक्षरं उलटी धरली की मोडीसारखी भासतात, आणि झिजलेली देवनागरी उलटी धरली तर फारसीसारखी. नाणं चारही दिशांना फिरवून पाहा आणि मगच ठरवा.

दुसरा गोंधळ यापेक्षा मोठा. पेशवाईतला रुपया आहे, म्हणजे त्यावर मराठी हवं, अशी समजूत असते. पुण्याचा अंकुशी रुपया किंवा चांदवडचा रुपया घ्या, मजकूर फारसीतच आणि नाव मुघल बादशहाचं. बाजारात चालण्यासाठी तेच नाव लागे. मराठ्यांचं नाणं ओळखायचं ते टांकसाळीच्या खुणेवरून, उदाहरणार्थ अंकुश. ‘हे तर मुसलमानी नाणं’ म्हणून आटवायला दिलेले रुपये मराठी टांकसाळीतले असू शकतात.

मुकुटावरूनही पटकन काम होतं. ब्रिटिश रुपयावर डोकं उघडं असेल तर चौथा विल्यम (१८३५) किंवा सातवा एडवर्ड (१९०३ ते १९१०). कंपनीच्या १८४० च्या रुपयावरची तरुण व्हिक्टोरियाही बिनमुकुटाची, केसांना फक्त पट्टी. १८६२ पासूनची व्हिक्टोरिया मुकुटासह, पाचवा आणि सहावा जॉर्ज मुकुटासह.

## ५. साल वाचा, पण कोणत्या पंचांगातलं ते ठरवून

नाण्यावर ‘१९४९’ दिसलं, म्हणजे स्वातंत्र्यानंतरचं? बडोद्याच्या गायकवाडी पैशावर तलवार, नागरी अक्षरांत सयाजीरावांचं नाव आणि संवत १९४९ असतं. हा विक्रम संवत. त्यातून ५७ वजा करा, १८९२ येतं. ग्वाल्हेरच्या शिंदेशाही तांब्याच्या नाण्यांचंही तसंच. शालिवाहन शक असेल तर ७८ मिळवा.

हिजरी साल चांद्र असल्याने नुसती बेरीज चालत नाही. आकड्याला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. हैदराबादच्या चारमिनार रुपयावर १३३० असेल तर १२९० अधिक ६२२, म्हणजे १९१२ च्या आसपासचा. मराठवाड्यातल्या घरांत ही हाली, म्हणजे निजामाच्या राज्यातली, नाणी भरपूर सापडतात.

फारसी आकडे ओळखायच्या खुणा: टिंब म्हणजे शून्य, उभी रेघ म्हणजे एक, वर उघडा कोन म्हणजे सात, तोच पालथा म्हणजे आठ, बदामासारखी आकृती म्हणजे पाच. घात करतो तो नऊ, कारण तो आपल्या देवनागरी एकासारखा दिसतो.

सावध: नाण्यावरचं साल आणि नाणं पाडल्याचं साल एकच असेल असं नाही. १८३५ आणि १८६२ ही सालं पुढे कित्येक वर्षं तशीच छापली जात होती. म्हणून १८३५ चा पाव आणा दुर्मीळ नाही, पोत्याने आहे. मात्र ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’ लिहिलेलं आणि साल १८७७ च्या आधीचं असेल तर नाणं खोटं. ती सम्राज्ञी म्हणून नाण्यावर आली ती १८७७ पासून.

## ६. नाणं, टंका, आठवण की बनाव?

लेखाचा खरा भार या पायरीवर आहे. हातातला गोल तुकडा चारांपैकी एका खणात पडतो. राज्याने किंवा सरकारने चलनासाठी काढलेलं ते नाणं. देवस्थानात किंवा पूजेसाठी काढलेला तो टंका. पर्यटकासाठी केलेली ती आठवण. आणि जुनं भासवून विकायला पाडलेला तो बनाव. ‘दुर्मीळ’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या वस्तू बहुतेकदा शेवटच्या तीन खणांतल्या असतात.

### शिवराई

शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ तीन ओळींत, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ दोन ओळींत. हाताने पाडलेली, त्यामुळे आकार वेडावाकडा, ठसा तुकड्यापेक्षा मोठा आणि अक्षरं कडेबाहेर गेलेली. बहुतेक शिवराया ८ ते १३ ग्रॅमच्या दरम्यान भरतात. ज्यांच्यावर ओळींमध्ये दोन आडव्या समांतर रेघा असतात ती दुदांडी शिवराई. ती पेशवाईच्या काळातली आणि संख्येने खूप. ‘महाराजांच्या हातची’ म्हणून दुदांडी विकणारे भेटतील. विक्रेता खोटं बोलतोय की त्यालाच माहीत नाही, हे सांगणं कठीण असतं.

आता पक्की खूण. महाराजांचा चेहरा असलेली शिवराई कधी नव्हती. मुखवटा, घोडा, किल्ला यांपैकी काही असेल तर तो आधुनिक शिक्का. चेहरा असलेलं खरं नाणंही आहे, पण ते भारत सरकारचं १९९९ चं दोन रुपयांचं.

अक्षरं ठळक, आकार अगदी गोल आणि सगळा मजकूर तुकड्याच्या आत व्यवस्थित मावलेला असेल तर जास्तच शंका घ्या. सोन्याच्या शिवराई होनाबाबत तर घरबसल्या निर्णय करूच नका. खोटे होन फार आहेत.

### रामटंका

एका बाजूला सिंहासनावर राम-सीता आणि भोवती भाऊ, पुढे हनुमान. दुसऱ्या बाजूला धनुष्य घेतलेले राम-लक्ष्मण आणि भोवती ओबडधोबड नागरीत ‘राम लछमन जानक...’ असा मजकूर. आकडे १७४० किंवा ५१७४० असे. या आकड्यांवरून वय काढू नका, कारण ठसे एकमेकांवरून उतरवत गेल्याने आकडेही तसेच उतरले. रामटंका चलनात कधी नव्हता, पूजेतच होता. चांदीचा जुना टंका असेल तर चांदीची आणि कारागिरीची किंमत येते. पितळी बहुतेक अलीकडचे.

### कंपनीची ‘देवांची’ नाणी

एका बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘वन आना’, १८१८. दुसऱ्या बाजूला हनुमान, रामदरबार, कमळ किंवा ॐ. इतर सालांचीही असतात. ही सगळी बनावट आहेत, आणि ते सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात चलनासाठी एक आण्याचं सुटं नाणं आलं तेच मुळी सातव्या एडवर्डच्या काळात, लाटालाटांच्या कडेचं, तांबं-निकेलचं. १८१८ मध्ये ते असणारच नाही. कंपनीच्या १८३५ च्या खऱ्या तांब्याच्या नाण्यावर सिंहांनी धरलेलं राजचिन्ह आहे, मागे पानांच्या वलयात किंमत इंग्रजी आणि फारसीत.

मात्र ‘कंपनीने देव कधीच छापले नाहीत’ असंही ठोकून देऊ नका. मद्रासकडच्या कंपनीच्या पॅगोडा नाण्यांवर विष्णू आहे, पाव पॅगोडावर तर गोपुरही. पण ती सोन्याचांदीची, दक्षिणी लिप्यांसह. आपल्याकडे विकला जाणारा काळपट हनुमान त्या घराण्यातला नव्हे.

याच बनावट तुकड्यांना तांदूळ ओढणारं, विजेचं, ‘नासा’ विकत घेणारं वगैरे म्हणून लाखोंचे सौदे होतात. तांदळाला लोखंडी भुकटी चोळली आणि आत चुंबक बसवलं की तांदूळ ओढले जातात. यात पैसे बुडालेल्यांना तक्रारीला तोंड उरत नाही, आणि फसवणाऱ्याचं बळ तेच.

### भोकाचा पैसा

भोक पाहून सगळेच ‘भोकाचा पैसा’ म्हणतात. आपला खरा भोकाचा पैसा कांस्याचा, १९४३ ते १९४७ चा, सुमारे दोन ग्रॅमचा, वर मुकुट. त्याहून मोठा, जड आणि भोकाच्या दोन्ही अंगांना हत्तीच्या सुळ्यांचं चित्र असलेला तुकडा म्हणजे पूर्व आफ्रिकेतले दहा सेंट. मोंबासा, झांझिबारकडे गेलेल्या माणसांबरोबर तो आला. म्हणून नुसतं भोक पाहून निर्णय करू नका, मागची बाजू पाहा.

### समुद्रापलीकडून आलेली

किनाऱ्यावरच्या घरांत, विशेषतः एडन किंवा आखाताशी संबंध असलेल्यांकडे, एक थोराड चांदीचं नाणं निघतं: भरदार बाईचा चेहरा, मागे दोन तोंडांचा गरुड, साल १७८०, वजन २८ ग्रॅमच्या आसपास. हा ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिचा थेलर. तिच्या मृत्यूनंतरही तेच साल घालून हा देशोदेशी पाडला गेला, १९४० च्या सुमारास मुंबईच्या टांकसाळीतसुद्धा. म्हणजे १७८० वरून काहीच सिद्ध होत नाही. बऱ्याचशा थेलरांवर कडी झाळल्याची खूण असते, कारण ते गळ्यात घातले गेले.

गोव्याच्या घरांत राजा लुईसचा १८८१-८२ चा रुपया मिळतो. तो ब्रिटिश रुपयाच्याच मापाचा, म्हणून वजनावरून फसू नका. त्यावर पोर्तुगीज मजकूर आहे.

### चेपलेली पेनी

अमेरिका किंवा इंग्लंडातल्या नातेवाइकांकडून येणारा लांबुळका, पापडासारखा पातळ तांबूस तुकडा. त्यावर पूल, प्राणी किंवा शहराचं नाव. यंत्रातल्या दोन रोलरमधून पेनी दाबून ती लांबवतात. या प्रकाराची सुरुवात शिकागोच्या १८९२-९३ च्या जागतिक प्रदर्शनात झाली. ही आठवण आहे, तिचं चलनमूल्य संपलं.

ओळखायची ती मूळ पेनी. तिरप्या उजेडात नव्या चित्राखाली मूळ चेहऱ्याची किंवा अक्षरांची सावली दिसते का पाहा. अमेरिकन पेनी १९८२ मध्ये बदलली. आधी जवळपास सगळी तांब्याची, ३.११ ग्रॅम. नंतर जस्ताची, वर तांब्याचा मुलामा, २.५ ग्रॅम. जस्ताची पेनी चेपली की मुलामा फाटतो आणि करडे पट्टे उमटतात. लोक त्या पट्ट्यांना ‘चांदीची मिसळ’ समजतात. लांबी वाढली तरी वजन तेवढंच राहतं, त्यामुळे काटा इथेही उत्तर देतो. ब्रिटिश पेनी १९९२ पासून पोलादाची, चुंबकाला चिकटते. काही यंत्रांत पेनीऐवजी कोरी चकती असते, तिथे सावली शोधून सापडणार नाही.

हा प्रयोग इथे रुपयावर करायला जाऊ नका. २०११ च्या नाणे कायद्याने आपल्याकडे नाणं वितळवणं, नष्ट करणं गुन्हा आहे.

## ७. चांदीची खात्री: पाण्यातलं वजन

वजन जुळलं म्हणजे चांदी खरी, असं नाही. सहाव्या जॉर्जचा १९४० पासूनचा चांदीचा रुपयाही ११.६६ ग्रॅमचाच, पण चांदी निम्मी. कडेवर मधोमध खाच असते, हा त्याचा दाखला. त्याआधीच्या रुपयात साडेएक्याण्णव टक्क्यांहून थोडी जास्त. सराफाच्या कसोटीच्या दगडावर नाणं घासू देऊ नका, हे घरी करता येतं.

काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला लागू देऊ नका. बुडबुडे झटका. जो आकडा दिसेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. ११.६० ग्रॅमच्या झिजक्या रुपयाला १.१३ दिसलं तर भागाकार १०.३ च्या जवळ, म्हणजे जुनी चांगली चांदी. १.२२ दिसलं तर ९.५, म्हणजे निम्म्या चांदीचा. १.३१ दिसलं तर ८.९ च्या खाली, ती तांबं-निकेलची नक्कल.

तपासणी: तीनदा करा. आकडे दोन-तीन शतांशांपेक्षा जास्त हलले तर नाणं कुठेतरी टेकतंय. कडी लावलेल्या किंवा झाळकाम असलेल्या नाण्यावर ही चाचणी अर्धवटच.

## ८. आता किंमत, आणि ती कुणाला विचारायची

विकणाऱ्याने लावलेली किंमत ही किंमत नसते. लिलावात प्रत्यक्ष मिळालेले भाव पाहा, आणि तेही तुमच्याच अवस्थेतल्या, त्याच टांकसाळीच्या नाण्याचे. खूण साधारण सालाजवळ असते. आताच्या नाण्यांत मुंबईची पत्त्यांतल्यासारखी चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचं टिंब, कोलकात्याची काहीच नाही.

१९११ च्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावर झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी चित्र बदललं. अशा नाण्याला जास्त भाव येतो. वैष्णोदेवीच्या २०१२ च्या पाच आणि दहा रुपयांना येत नाही. ती ढिगाने काढलेली आहेत, समाजमाध्यमांवर कुणी काहीही म्हणो. ‘रिझर्व्ह बँकेत नोंदणी करतो, आधी शुल्क भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या. जुन्या नाणी-नोटांच्या अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण कुठलंही कमिशन घेत नाही, हे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे.

नाणं जुळवून पाहायला मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. विचारताना वहीतल्या चार ओळी आणि फोटो बरोबर न्या. ‘खूप जुनं आहे हो’ एवढ्यावर कुणीही काही सांगू शकत नाही.

## ९. कायदा आणि साठवण

वाडा पाडताना भिंतीत किंवा शेत नांगरताना मातीत नाणी मिळाली तर ती आपोआप तुमची होत नाहीत. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हंडा गवंड्यांत वाटून टाकणं सगळ्यांनाच महागात पडतं, आणि एकत्र सापडलेली नाणी विखुरली की त्यांचा काळ ठरवणं अवघड होतं.

शंभर वर्षांवरचं नाणं कायद्याने पुरावस्तू आहे, देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या मुलाला आजोबांची शिवराई देताना हे ध्यानात ठेवा. चेपलेली पेनी मात्र खुशाल इकडून तिकडे फिरू द्या.

साठवायला मऊ, वास येणारी प्लॅस्टिकची पाकिटं टाळा. त्यातल्या द्रव्याने नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. जाड कागदाची आम्लरहित पाकिटं किंवा कडक पारदर्शक डब्या बऱ्या. कोकणात आणि मुंबईत डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळ्याआधी बदला. प्रत्येक पाकिटावर वजन, व्यास, साल आणि नाणं कुणाकडून कुठून आलं ते लिहा. नाणं आत घालण्याआधी लिहा, नाहीतर पेनाचा दाब नाण्यावर उमटतो.